समुद्रातील जुने तेल-प्लॅटफॉर्म आणि सुटकेची वाट

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनातील व्याख्यानासाठी शिक्षण, विवाहातील खर्च, वसतिगृह असे विषय बहुधा पुढे येतात, आणि ते महत्त्वाचे आहेतच. यंदा आम्ही निराळा विषय घेतला आहे व त्यास कारणही तसेच आहे. चिटणीसांनी सभासद-कुटुंबांची जी नवी यादी तयार केली, तीत व्यवसायाच्या रकान्यात 'समुद्रावर, तेलाच्या प्लॅटफॉर्मवर' ही नोंद पुन्हा पुन्हा आढळते. कोणी वेल्डर आहे, कोणी क्रेन चालवितो, कोणी रंगारी, कोणी स्वयंपाकी. दोघेतिघे अभियंतेही आहेत. आपल्या वाडवडिलांनी मचव्यांतून समुद्र पाहिला. त्यांची नातवंडे जुहूहून हेलिकॉप्टरने समुद्रावर जातात. पगार बरा मिळतो, गावाकडील घरावर स्लॅब पडतो, धाकट्या भावंडांची शिक्षणे होतात. ह्या सर्वांचा आम्हांस आनंदच आहे. परंतु ज्या लोखंडी मजल्यांवर ही मुले निजतात ते मजले किती वर्षांचे आहेत, आणि तेथे संकट ओढवले तर खाली उतरण्याची वाट कोणती, हा प्रश्न आपल्या घरांत कोणी विचारीत नाही. रजेवर आलेल्या मुलास आपण जेवण कसे मिळते ते विचारतो, आणि पुढची रजा केव्हा ते विचारतो.

आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले. आयुष्यभर गणित व भूगोल शिकविला. अभियंत्याचा आव आम्ही आणणार नाही. चौकशांतून जे सर्वांसमोर आले, आणि ज्ञातीतील जाणत्या मंडळींनी जे समजावून दिले, तेवढेच येथे मांडतो.

मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरांवर ते प्रसिद्ध तेलक्षेत्र आहे, ज्यास पूर्वी बॉम्बे हाय म्हणत व आता मुंबई हाय म्हणतात. १९७४ च्या फेब्रुवारीत 'सागर सम्राट' ह्या रिगने तेथे तेल शोधून काढले आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. भर समुद्रात तेल लागले ह्या वार्तेने किनाऱ्यावरच्या गावांतून केवढा अभिमान पसरला होता तो आम्हांस चांगला आठवतो. पुढे तेथे एकामागून एक प्लॅटफॉर्म उभे राहिले. प्लॅटफॉर्म म्हणजे समुद्रतळात रोवलेल्या पोलादी पायांचा सांगाडा, व त्यावर एकावर एक मजले. काही मजल्यांवर यंत्रे, काहींवर माणसांची वस्ती. असा प्लॅटफॉर्म साधारणतः पंचवीस वर्षांच्या आयुष्याचा हिशेब धरून बांधतात. जमिनीतील तेल मात्र हा हिशेब पाळीत नाही. ते अद्याप निघत आहे, आणि म्हणून पंचविशी केव्हाच ओलांडलेले प्लॅटफॉर्म आजही कामावर आहेत. मुंबई हायवर आहेत तसेच ब्रिटन आणि नॉर्वे यांच्यामधील उत्तर समुद्रातही आहेत.

जुना प्लॅटफॉर्म म्हणजे मृत्यूचा सापळा, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. पाणबुडे खाली उतरून सांधे तपासतात, भेगा भरतात, कमकुवत भाग बदलतात, आणि तज्ज्ञांच्या संमतीने आयुष्य वाढवून घेतात. आपणही आजोबांचे घर दुरुस्त करून राहतोच की! आमची चिंता निराळी आहे. जुन्या घराच्या भिंतीआधी त्याच्या बिजागऱ्या जातात, आणि त्यांतही जो दरवाजा रोज उघडत नाही त्याच्या आधी जातात.

आमच्या नोकरीच्या काळातील एक गोष्ट ह्या संबंधात सांगण्यासारखी आहे. एका शाळेत (नाव सांगण्याचे प्रयोजन नाही) आगीची कवायत घ्यावयाचे ठरले. कागदावर इमारतीस दोन जिने होते. घंटा झाली, पुढच्या जिन्याने अर्धी शाळा सुरळीत उतरली. मागच्या जिन्याच्या दारास कुलूप. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई पोस्टात गेलेला. कुलूप तोडले तर दारामागे मोडकी बाके छतापर्यंत रचलेली. पुढच्या दारातून रोज सर्व मुलांची ये-जा असल्यामुळे त्याची कडी ढिली झाली की त्याच दिवशी तक्रार येई. मागच्या दारावाचून कोणाचेच अडत नव्हते, म्हणून ते बंद पडल्याचे कोणास कळलेही नाही.

प्लॅटफॉर्मवरील क्रेन, पंप, वीजयंत्र ही पुढच्या दारासारखी आहेत. ती बिघडली की उत्पादन थांबते, आणि उत्पादन थांबले की मुंबईपासून दिल्लीपर्यंत टेलिफोन खणखणतात. लाइफबोट मात्र वर्षानुवर्षे नुसती टांगलेली असते. तिचा आकडा, तिचा पोलादी दोर, तिला धरून ठेवणारे लोखंडी हात ह्या सर्वांवर खारा वारा बाराही महिने बसत असतो. तिच्याकडे जाणाऱ्या जिन्याच्या जाळ्या गंजतात. आगीवर पाणी फेकणाऱ्या नळांत क्षार साठतात. धूर आत येऊ नये म्हणून दारांस बसविलेले रबर कडक होऊन तडकते. यांपैकी कशानेही रोजचे काम अडत नाही. आणि जेथे पूर्वी मोकळी वाट होती तेथे वीस वर्षांत एखादे नवे यंत्र, एखादा नवा नळ येऊन बसलेला असतो. बसविणाराने त्या वेळी रीतसर परवानगी घेतलेली असते, परंतु वाट अरुंद झाली ती झालीच.

आता २७ जुलै २००५ ची हकीगत सांगतो. आदल्या दिवशी मुंबईत काय झाले ते येथील प्रत्येकाच्या स्मरणात असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता आणि शहर पाण्याखाली होते. समुद्र उसळलेला, नारळी पौर्णिमेस अद्याप तीन आठवडे अवकाश. आपले वाडवडील अशा दिवसांत होडी शाकारून घरी बसत. तेलाच्या उद्योगास आगोट नाही. तेथे काम चालूच होते.

'समुद्र सुरक्षा' ह्या जहाजावरील एका स्वयंपाक्याच्या दोन बोटांची टोके काम करताना तुटली. हवामानामुळे हेलिकॉप्टरे उडू शकत नव्हती. तेव्हा उपचाराकरिता त्यास जवळच्या 'मुंबई हाय नॉर्थ' ह्या प्लॅटफॉर्मवर क्रेनने चढवावे असे ठरले. जहाज वाऱ्याच्या बाजूने प्लॅटफॉर्मशी आले. त्याच्या यंत्रणेत काही बिघाड जाणवत असल्यामुळे ते हातांनी चालवून, मागच्या अंगाने आणले जात होते. स्वयंपाकी सुखरूप वर गेला. नंतर एका मोठ्या लाटेने जहाज उचलले आणि त्याच्या हेलिकॉप्टर-तळाची कड प्लॅटफॉर्मच्या नळांवर आदळली. समुद्रतळावरून तेल व वायू वर आणणाऱ्या ह्या उभ्या नळांस 'रायझर' म्हणतात. तेथे ते पोलादी सांगाड्याच्या बाहेरच्या अंगास होते, आणि त्यांच्यापुढे जे संरक्षक कठडे होते ते लहान जहाजांच्या धक्क्यापुरतेच होते. नळ फुटला, वायूने पेट घेतला. १९८१ साली उभारलेला तो सात मजली प्लॅटफॉर्म सुमारे दोन तासांत कोसळला. पाण्यावर त्याच्या पायांचे थोटके तेवढे उरले.

बावीस माणसे गेली. त्यांपैकी अकरा जणांचा पत्ता लागलाच नाही. पुढील पंधरा तासांत ३६२ जणांस त्या उधाणलेल्या समुद्रातून वाचविण्यात आले. आपले नौदल, तटरक्षक दल आणि आसपासच्या जहाजांवरील खलाशी यांनी त्या रात्री जे केले त्यास तोड नाही. 'समुद्र सुरक्षा' पेटली व सोडून द्यावी लागली, तेव्हा तिच्यावरील दाब-कोठडीत सहा पाणबुडे होते. खोल पाण्यात काम करणाऱ्यांचे शरीर त्या दाबास सरावलेले असते. एकदम बाहेर काढले तर ते मरतात. ते तेथेच राहिले आणि छत्तीस तासांनी सुटले. जहाज मात्र १ ऑगस्टला बुडाले.

ह्या हकिगतीतील एकच आकडा आपण घरी घेऊन जावा अशी आमची विनंती आहे. त्या प्लॅटफॉर्म-समूहावर आठ लाइफबोटी होत्या. त्यांपैकी दोनच पाण्यात उतरविता आल्या. फुगवून वापरावयाचे राफ्ट दहा होते. त्यांपैकी एकच उतरला. म्हणजे मोजणीच्या वहीत साधने अठरा आणि कामास आली ती तीन. उरलेल्या पंधरांत दोष होता असे कोणी समजू नये. त्यांच्यापर्यंत माणसे पोहोचूच शकली नाहीत, किंवा आगीची धग त्यांना आधी पोहोचली. ज्या बाजूस आग, त्या बाजूच्या बोटी असून नसल्यासारख्या होतात. वर्गात आम्ही उदाहरण घालताना 'एकूण किती' असे विचारीत असू. येथे प्रश्न 'एकूण किती' हा नसून 'वारा वाईट, आग वाईट, अशा दिवशी किती' हा आहे.

मोजणीच्या वहीवर विसंबण्याचे याहून जुने उदाहरण नॉर्वेतील आहे. तेथील एका लेखकाचे नाव दिलेला 'अलेक्झांडर किएलँड' नावाचा तरंगता तळ होता. तेलकामगारांच्या निवासाकरिता तो वापरीत. २७ मार्च १९८० रोजी संध्याकाळी वादळात त्याचा एक पाय तुटला. तळ तत्काळ कलला आणि साधारण वीस मिनिटांत पालथा झाला. वर २१२ माणसे होती, १२३ मेली. पन्नास-पन्नास माणसांच्या सात लाइफबोटी तेथे होत्या, म्हणजे २१२ जणांस ३५० जागा! परंतु तळ कललेला, आणि बोटींचे आकडे असे की दोरावर वजन असेपर्यंत ते सुटत नसत. चार बोटी खाली सोडल्या. त्यांपैकी एकच वेळेवर दोरापासून मोकळी झाली. बाकीच्या तळाच्या पायांवर आपटल्या. पुढे आकड्यांची रचनाच बदलण्याची निकड जगास पटली ती ह्या अपघाताने.

आणि हा तळ काही म्हातारा नव्हता. १९७६ साली बांधलेला, अवघ्या चार वर्षांचा. एका आडव्या नळीवर एक लहानसे उपकरण बसविण्यासाठी केलेल्या वेल्डपाशी सुरुवातीपासून भेग होती, आणि लाटांच्या प्रत्येक हिसक्याने ती वाढत गेली. म्हणून प्लॅटफॉर्मचे वय केवळ पंचांगावरून मोजून भागत नाही, हेही ध्यानात ठेविले पाहिजे. आपल्यातील जे वेल्डर आहेत त्यांनी तर आपण टाकलेल्या लहानशा टाक्याचे महत्त्व यावरून ओळखावे.

ह्या क्षेत्रातील लोक ज्या दुर्घटनेचे नाव आजही काढतात ती स्कॉटलंडच्या किनाऱ्यापलीकडील 'पायपर अल्फा' येथील, ६ जुलै १९८८ ची. एका पंपाची सुरक्षा-झडप दुरुस्तीसाठी काढलेली होती. रात्रपाळीस ते कळले नाही, कारण कामाचे परवाने हातोहात पोहोचले नव्हते. दुसरा पंप बंद पडला म्हणून हा सुरू केला आणि वायू बाहेर पडून स्फोट झाला. आग विझविणारे पंप आपोआप सुरू व्हावयाचे, परंतु पाण्यात पाणबुडे असल्यामुळे ते हाताने सुरू करण्याच्या व्यवस्थेवर ठेवलेले होते, आणि तेथपर्यंत कोणास जाता आले नाही. शेजारचे दोन प्लॅटफॉर्म त्याच जोडनळांत तेल ढकलीत राहिले. बंद करण्याचा अधिकार आपणास आहे असे तेथील अधिकाऱ्यांस वाटले नाही. पहिल्या स्फोटानंतर वीसेक मिनिटांत वायूचा एक मोठा रायझर फुटला, आणि त्यानंतर फारसे काही करण्यासारखे उरले नाही.

एकूण १६७ जण गेले. त्यांत दोघे इतरांस वाचविण्यास लहान बोटीतून आलेले होते. आम्हांस सर्वांत अधिक विषाद वाटतो तो एका गोष्टीचा. शिकविल्याप्रमाणे बहुतेक माणसे निवासाच्या मजल्यावर जमली आणि हेलिकॉप्टरची वाट पाहत बसली. हुकूम आला नाही, हेलिकॉप्टरही उतरू शकत नव्हते. खोलीत धूर भरला. मृतांपैकी जवळजवळ निम्मे तेथेच गेले, आणि बहुतेकांचे प्राण ज्वाळेने गेले नाहीत, धुराने गेले. जे ६१ जण वाचले त्यांतील बरेच जण मनानेच बाहेर पडले. दोरांवरून, नळ्यांवरून खाली घसरले किंवा उंचावरून समुद्रात उडी टाकून निसटले. यावरून शिस्त मोडावी असा अर्थ काढणे चुकीचे होईल. शिस्तीची जागाच अशी हवी की तेथे बसलेला माणूस गुदमरणार नाही, आणि तेथून पुढे निघण्यास एकाहून अधिक वाटा असतील. न्यायमूर्ती लॉर्ड कलन यांनी ह्या प्रकरणाची चौकशी करून १९९० मध्ये १०६ शिफारशी केल्या. प्रत्येक प्लॅटफॉर्मच्या चालकाने आपल्या येथील धोके व त्यांवरील उपाय लेखी सिद्ध करून दाखवावेत, आणि तात्पुरत्या आसऱ्याची जागा ठरलेल्या वेळेपर्यंत धूर व आग सोशील याची खात्री द्यावी, ह्या त्यांतील प्रमुख होत.

आपल्या देशातही १९८६ पासून तेल उद्योग सुरक्षा संचालनालय आहे, आणि समुद्रातील तेलकामाच्या सुरक्षेसाठी २००८ साली स्वतंत्र नियम झाले. नियम चांगले आहेत. परंतु नियम मोजतो ते दाखल्यांवरून, आणि गंज दाखला पाहून थांबत नाही.

आता थोडे अंकगणित करू. मास्तरास ह्याची हौस असतेच. लाइफबोट पन्नास जणांची म्हणतात तेव्हा एक माणूस किती वजनाचा धरला? जुन्या आंतरराष्ट्रीय नियमात ७५ किलो. पन्नास गुणिले ७५ म्हणजे ३,७५० किलो. पुढे जगभर माणसे जड झाली हे ध्यानात येऊन मालवाहू जहाजांच्या बोटींकरिता हा आकडा ८२.५ किलो करण्यात आला. त्या हिशेबाने तीच बोट ४५ जणांची होते. नव्वद किलोचा माणूस धरला तर ४१ जणांची. बोट तीच, तिच्या बाजूस रंगविलेला पन्नासाचा आकडा तोच. नऊ माणसे मात्र बाहेर राहिली! खांद्यांची रुंदी आणि अंगावरचे जाडजूड जाकीट हा हिशेब निराळाच.

दुसऱ्या बाजूने माणसे वाढतात. प्लॅटफॉर्म जुना झाला की दुरुस्ती वाढते. दुरुस्ती वाढली की वेल्डर, रंगारी, मचाण बांधणारे यांच्या टोळ्या येतात. म्हणजे ज्या दिवसांत प्लॅटफॉर्म सर्वांत उघडा, ठिकठिकाणी कापलेला आणि ठिणग्या उडविणारा असतो, नेमक्या त्याच दिवसांत त्यावर माणसे सर्वांत जास्त असतात, आणि त्यांतील बहुतेक नवखी, ठेकेदाराकडची असतात. आपली मुले बहुधा ह्याच टोळ्यांत असतात. आमच्या मते जुन्या प्लॅटफॉर्मची जोखीम कमी करण्याचा पहिला उपाय नव्या बोटी टांगणे हा नव्हे. तेथील माणसेच कमी ठेवणे, जे काम किनाऱ्यावर जोडून नेता येईल ते किनाऱ्यावर करणे, आणि मोठे वेल्डिंग चालू असताना त्या भागातील वायू बंद ठेवणे, हा तो उपाय होय. यात उत्पादनाचे नुकसान आहे हे आम्ही जाणतो. दुसरा उपाय रायझरचा. समुद्रतळापाशीच झडप असली व ती खरोखर मिटली, तर वर आग लागली तरी तिला खाद्य थोडकेच मिळते. ज्या आगीस खाली शेकडो टन वायू जोडलेला आहे तीवर पाण्याचे फवारे मारून काय होणार? बोटीपर्यंत जाण्यास जी दहा-पंधरा मिनिटे लागतात ती झडपच मिळवून देते. म्हणून झडप मिटते की नाही हे ठराविक काळाने मिटवूनच पाहिले पाहिजे, मग त्या दिवशी उत्पादन थोडे कमी का होईना.

कवायतीबद्दलही बोलले पाहिजे. आमचे एक पुतणे ह्या नोकरीत आहेत. त्यांच्या सांगण्याप्रमाणे दर आठवड्यास भोंगा होतो, माणसे आपापल्या ठिकाणी उभी राहतात, हजेरी होते, आणि पुन्हा कामास लागतात. भोंगा ठरल्या वारी, ठरल्या वेळी, स्वच्छ उजेडात. रात्री दोन वाजता, दिवे घालवून, एक जिना बंद आहे असे समजून कवायत क्वचित होते. बोट पाण्यात उतरविणे तर त्याहून क्वचित, आणि त्यास कारणही आहे: जगात लाइफबोटीच्या कवायतीतच आकडा सुटून खलाशी मेल्याची उदाहरणे आहेत. तेव्हा भरलेली बोट उगाच लोंबकळत ठेवू नये, हे योग्यच. परंतु रिकामी बोट तरी उतरवावी, तिचे इंजिन पाण्यात चालवून पाहावे, आणि पोलादी दोर मुदतीत बदलावा. इंजिन सुरू होते की नाही हे ज्या दिवशी बोट लागेल त्या दिवशी पाहणे म्हणजे परीक्षेच्या सकाळी पुस्तक उघडणे होय. सूचना कोणत्या भाषेत देतात हेही पाहावे. एका प्लॅटफॉर्मवर मराठी, मल्याळी, बंगाली, भोजपुरी बोलणारी माणसे असतात, आणि कर्ण्यावरून घोषणा इंग्रजीत होते.

हेलिकॉप्टर हे येण्याजाण्याचे साधन आहे. सुटकेचे साधन म्हणून त्यावर भिस्त ठेवू नये. १९८८ मध्ये ते उतरू शकले नाही, २००५ मध्ये उडू शकले नाही. २८ जून २०२२ रोजी मुंबई हायकडे गेलेले एक हेलिकॉप्टर 'सागर किरण' रिगजवळ समुद्रात उतरावे लागले, तेव्हा आतील नऊ जणांपैकी चौघे मृत्युमुखी पडले. पाण्यात उलटलेल्या हेलिकॉप्टरमधून बाहेर कसे पडावे याचे शिक्षण हौदात प्रत्यक्ष देतात. ते शिक्षण आपल्या मुलाने खरोखर घेतले आहे की केवळ दाखला आणला आहे, हे आईबापांनी निक्षून विचारावे. दाखले विकत मिळतात, असे आपणांस कोणी सांगितले तर त्या दुकानाची पायरी चढू नये.

आता शेवटची हकीगत, आणि ती प्लॅटफॉर्मची नव्हे, परंतु आपल्या विषयाशी अगदी लागून आहे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ मुंबईच्या समुद्रावरून गेले. 'पी-३०५' नावाचा निवासी तराफा तेलक्षेत्रात नांगरलेला होता. प्लॅटफॉर्मवर कामास जाणारी २६१ माणसे त्यावर राहत होती. वादळाचे इशारे आधीच दिले गेले होते. तराफा तेथेच राहिला. नांगर तुटले, तो भरकटत जाऊन एका प्लॅटफॉर्मवर आदळला आणि बुडाला. 'वरप्रदा' ही टगही त्याच वादळात बुडाली. दोन्ही मिळून ८६ जणांचे प्राण गेले. नौदलाच्या 'कोची' व 'कोलकाता' ह्या युद्धनौकांनी आणि इतरांनी रात्रभर लाटांतून माणसे वेचून काढली, म्हणून १८८ वाचले. येथे बोटींचे आकडे, जिने, झडपा यांचा प्रश्न नंतरचा. सुटकेची खरी वेळ वादळाच्या आधीची होती, समुद्र शांत असतानाची. त्या वेळी निघाले असते तर काम चार दिवस बुडाले असते इतकेच. जुन्या प्लॅटफॉर्मलाही हेच लागू आहे. वादळ येणार, पाय कमकुवत आहेत, एक बाजूच्या बोटी दुरुस्तीस काढल्या आहेत, असे दिसताच अर्धी माणसे किनाऱ्यावर पाठविणारा अधिकारी भित्रा नव्हे. त्याच्या पाठीशी मालकाने उभे राहावे, आणि घरच्यांनी बुडालेल्या पगाराबद्दल कुरकुर करू नये.

त्या मे महिन्यात मृतदेह ओळखण्यासाठी कित्येक कुटुंबांना डी.एन.ए. तपासणीपर्यंत थांबावे लागले. मुलगा कोणत्या ठेकेदाराकडे आहे, कोणत्या जहाजावर आहे, हेच कित्येक घरी नक्की ठाऊक नसते, घरच्यांस 'ओ.एन.जी.सी.त आहे' एवढेच सांगितलेले असते. म्हणून आमची मंडळास एक सूचना आहे, व कार्यकारी मंडळाने ती तत्त्वतः मान्य केली आहे.

समुद्रावर जाणाऱ्या प्रत्येक सभासदाच्या घरी एक कागद असावा, व त्याची प्रत मंडळाच्या कपाटात असावी. त्यावर ठेकेदाराचे नाव व किनाऱ्यावरील कचेरीचा टेलिफोन, प्लॅटफॉर्मचे किंवा जहाजाचे नाव, विम्याचा तपशील, वारसाचे नाव, रक्तगट आणि अंगावरील खुणा असाव्यात. मुलगा प्रत्येक खेपेस निघताना पहिल्या दोन ओळी बदलून ठेवील. त्याच कागदावर आणखी चार ओळी त्याने स्वतः भराव्यात अशी आमची इच्छा आहे: त्याच्या लाइफबोटीचा क्रमांक, तिच्याकडे जाणारा दुसरा जिना, ती बोट शेवटची पाण्यात केव्हा उतरविली ती तारीख, आणि त्या दिवशी प्लॅटफॉर्मवर एकूण माणसे किती व त्या बाजूच्या बोटींत जागा किती. हे भरण्यासाठी त्यास तेथे जाऊन विचारावे लागेल, जिना चालून पाहावा लागेल. तारखेची ओळ कोरी राहिली तर तीही आम्हांस कळवावी. अशा पाच-सात कोऱ्या ओळी जमल्या तर संबंधित ठेकेदारास मंडळाच्या नावे पत्र लिहिण्याचे काम आम्ही पत्करले आहे.

छापील कागद चिटणीसांच्या टेबलावर ठेवलेले आहेत. भोजनास जाण्यापूर्वी ज्यांच्या घरचे कोणी समुद्रावर आहे त्यांनी ते घेऊन जावेत. ज्यांचा मुलगा येत्या आठवड्यात कामावर परतणार आहे त्यांनी आजच नावे द्यावीत.